कट मारायला शिकताना: जुईनगर ते उलवे, दोन महिन्यांच्या नोंदी

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४

काल संध्याकाळी नवी मुंबईत, रबाळ्याच्या ऑफिसातून घरी जुईनगरला येताना पावण्याच्या पुढे एका टेम्पोतून प्लॅस्टिकचा क्रेट पडला. रिकामाच होता. मी पंचेचाळिसाच्या आसपास असेन. उजवीकडची लेन मोकळी होती, पण हे मला घरी आल्यावर, चहा घेताना आठवलं. त्या वेळी क्रेटशिवाय काही दिसतच नव्हतं. हँडल आवळून धरलं, मागच्या ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले, मागचं चाक शेपटीसारखं हललं आणि मी जाऊन क्रेटला टेकले. क्रेट वीतभर सरकला, एवढंच. मागचा रिक्षावाला शेजारून जाता जाता म्हणाला, "ताई, बाजूने काढायची ना!"

बाजूने काढायची. बाबांची जुनी युनिकॉर्न बाईक चालवायला लागून पावणेदोन वर्षं झाली, त्याआधी चार वर्षं स्कूटर. बाजूने कशी काढायची हे कुणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. लायसन्सच्या टेस्टला आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास. ब्रिटनमध्ये २००९ पासून टेस्टच्या पहिल्याच भागात ताशी किमान ५० किमी वेगाने येऊन अडथळा चुकवून दाखवावा लागतो. आपल्याकडे असं झटक्यात बाजूने काढण्याला 'कट मारणं' म्हणतात, आणि हा शब्दच शिवीच्या शेजारी बसतो. कट मारतात ती पोरं, पामबीच रोडवर, रात्री बारानंतर. मला त्यातला हात तेवढा हवाय, मस्ती नको.

दर रविवारी सकाळी सराव करायचा आणि इथे लिहायचं, असं ठरवलंय.

रविवार, १० नोव्हेंबर

आज गाडी काढली नाही. वाचलं, आणि बाबांशी वाद घातला.

१९८१ साली अमेरिकेत दुचाकीच्या अपघातांवर हॅरी हर्ट या संशोधकाचा मोठा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० अपघातांच्या जागी जाऊन केलेला तपास. त्यात म्हटलंय की धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालवणाऱ्याच्या हातात साधारण दोन सेकंदही नसतात. तेवढ्यात बहुतेक जण मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात, पुढचा ब्रेक कमी वापरतात, आणि हँडलच्या बळावर गाडी बाजूला काढणं जवळपास कुणालाच येत नसतं. माझी गुरुवारची संध्याकाळ कुणीतरी त्रेचाळीस वर्षं आधीच लिहून ठेवली होती.

मुद्दा काउंटरस्टिअरिंगचा आहे. उजवीकडे जायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, कारण त्याने चाक क्षणभर डावीकडे वळतं. पण चाक खालून डावीकडे निघून गेलं की गाडी वरून उजवीकडे कलते, आणि कलली की तिकडेच जाते. तळहातावर काठी उभी तोलताना ती उजवीकडे कलती करायची तर हात आधी डावीकडे न्यावा लागतो, तसंच. ताशी १५-२० च्या वर हेच चालतं. पार्किंगमधून गाडी काढताना मात्र हँडल जिकडे, गाडी तिकडे.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असलं काही नसतं. गाडी कंबरेने वळते. मी राजदूतपासून चालवतोय."

मी त्यांना कीथ कोड यांच्या गाडीची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियात रेसिंग शिकवणारे हे गृहस्थ. त्यांनी एका बाईकला दुसरं हँडल लावलं, पण ते थेट सांगाड्यालाच जोडलेलं, वळतच नाही असं. ते धरून कंबर कितीही हलवा, गाडी जराशी भरकटते, ठरवल्या जागी वळत नाही.

"अमेरिकेतल्या लोकांना कंबर नसेल," बाबा म्हणाले.

विमानवाले राइट बंधू मुळात सायकलवाले. त्यांच्यातल्या विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता. पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही. म्हणजे बाबा एकटे नाहीत.

रविवार, १७ नोव्हेंबर

जागा मिळाली. उलव्यात मामांच्या बिल्डिंगपासून चार मिनिटांवर एक रुंद काँक्रीटचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, शेवटाला मातीचा ढीग. पुढे जातच नाही, त्यामुळे कुणी येतही नाही. शेजारच्या साइटच्या वॉचमनला सांगून ठेवलं. त्याने आधी मला पाहिलं, मग बाबांना, आणि "पडू नका म्हणजे झालं" म्हणून खुर्ची उन्हात सरकवली.

खरं अवघड काम जुईनगरहून तिथे पोचण्याचं. किल्ल्याच्या जंक्शनपासून आम्र मार्गावर सकाळी साडेसहालाही कंटेनरचे ट्रेलर असतात. त्यांच्या शेजारून जाताना जो वारा बसतो तो अंगाने सोसायचा असतो, हातांनी नाही, हेही आजच कळलं. हात आवळले की वारा थेट हँडलला लागतो.

पहिला सराव अगदी बाळबोध होता. तिसऱ्या गिअरमध्ये तीसने सरळ जायचं आणि उजवा तळहात हलकेच पुढे दाबायचा. दाबला. गाडी उजवीकडे गेली. इतकी पटकन गेली की मी घाबरून हात सोडला आणि ती पुन्हा सरळ झाली. असं वीसेक वेळा. दर वेळी हसू येत होतं, का ते सांगता येणार नाही.

अंगाचं काम त्यानंतर. वळणावर आपण गाडीबरोबर कलतो, ते सवयीचं आहे. कट मारताना तसं करायचं नाही. गाडी कमरेखाली आडवी व्हायला हवी आणि आपण जागच्या जागी उभट राहायला हवं, कारण लगेच अर्ध्या सेकंदात तिला दुसऱ्या बाजूला कलवून परत ओळीत आणायचं असतं. पासष्ट किलोचं अंग एकीकडे फेकलं की ते परत आणायला वेळ लागतो. म्हणून गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, चवडे फूटरेस्टवर, कोपरं सैल, खांदे खाली. सगळी पकड मांड्यांत, आणि हात मोकळे. मी नेमकं उलटं करते: पाय मोकळे आणि मुठी आवळलेल्या. तासाभराने हात ठीक होते, मांड्या भरून आल्या होत्या. मामी म्हणाल्या, "घोड्यावर बसून आलीस का गं?" उत्तर साधारण हो असंच होतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान करून नऊ वाजता मोकळी. सुट्टी, रस्ते रिकामे, बाबा झोपलेले. एकटीच गेले. अर्धे कापलेले टेनिस बॉल खुणेला ठेवले आणि दोन धक्क्यांचा सराव केला: उजवं दाब, डावं दाब, सरळ. पहिला धक्का जमतो. दुसरा उशिरा येतो, मग गाडी रस्त्याच्या कडेला पोचते. दीड तासात तिसांपैकी सात बऱ्या म्हणाव्या अशा.

रविवार, २४ नोव्हेंबर

काहीतरी अडतंय. हलका दाब दिला तर गाडी ऐकत नाही, जास्त दिला तर एकदम सुटते. मधलं काही नाहीच. मला वाटत होतं माझाच हात जड आहे.

बाबांनी गाडी मेन स्टँडवर लावली, मागच्या सीटवर वजन टाकून पुढचं चाक उचललं आणि मला म्हणाले, एका बोटाने हँडल हळू फिरव. बरोबर मध्यावर बोटाला 'टक्' असं जाणवलं. जणू खाच होती आणि हँडल त्यात बसून राहत होतं. "कोनसेट गेलाय," बाबा म्हणाले. कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर चालून आणि खड्ड्यांचे दणके खाऊन बेअरिंगच्या गोळ्यांनी वाट्यांत त्याच जागी खळगे पाडलेले. सरळ चालवताना कळतही नाही, उलट गाडी छान सरळ जाते असं वाटतं. कट मारताना मात्र आधी त्या खाचेतून बाहेर यावं लागतं.

शिवाय मागच्या टायरमध्ये स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा आठ पीएसआय हवा कमी. हे मात्र निव्वळ माझं पाप. रोज पंपावरून जाते.

रविवार, १ डिसेंबर

काल कोनसेट बदलला, मजुरी धरून आठशे. दुसरीच गाडी वाटते. दोन बोटांच्या दाबाला ऐकते.

आज बाबांनी शाळेच्या मैदानावर आखतात ती फक्की आणली, अर्धी पिशवी. कल्पना त्यांचीच. बॉलच्या आधी आठ-दहा मीटरचा पट्टा त्यांनी चाळणीने अगदी पातळ भुरभुरला, आणि म्हणाले, "ये आता. तोंडाचं राहू दे, रस्ता सांगेल."

पस्तीसने आले, उजवं दाबलं, डावं दाबलं, पलीकडे जाऊन थांबले. परत येऊन दोघेही उकिडवे बसलो. पांढऱ्यात आधी एकच रेघ होती, पुढच्या चाकावरूनच मागचं चाक गेलेलं. मग एका ठिकाणी ती फाटली. एक बारीक रेघ डावीकडे सरकली, फार नाही, तीन बोटं. हातभर तशीच गेली, मग वळून मागच्या चाकाची रेघ ओलांडून उजवीकडे निघून गेली. मी जिथे उजवं हँडल दाबलं, तिथेच पुढचं चाक आधी डावीकडे गेलं होतं. पांढऱ्यावर काळं म्हणतात ते हेच.

बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे तू ढकलतेस म्हणून. मी कंबरेने वळवतो."

मोबाईल दगडाला टेकवून स्लो-मोशनमध्ये व्हिडिओही काढला. त्यात दिसलं की धड उभट ठेवायचं म्हणता म्हणता मी डोकंही गाडीबरोबर पाडते आणि नजर बॉलवर असते. लहानपणी सायकल शिकताना अख्ख्या रिकाम्या मैदानात मी एकमेव खांबावर जाऊन आदळले होते. खांबाकडे बघत होते ना. तेच चाललंय. बॉलकडे नाही, बॉलच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. बोलायला सोपं आहे.

रविवार, ८ डिसेंबर

पडले.

वेग पंचवीसच असेल. कट मारताना बॉल फारच जवळ आला असं वाटलं, आणि गाडी कललेली असतानाच उजव्या हाताच्या दोन बोटांनी पुढचा ब्रेक ओढला. खाली फक्की, आणि आज ती मीच टाकली होती, जाड. पुढचं चाक असं निघून गेलं जसं कधी नव्हतंच. डावा की उजवा, काही कळलं नाही, फक्त हेल्मेटच्या काचेसमोर काँक्रीट. नी-गार्ड होते, ग्लोव्ह्ज होते, जॅकेट होतं. उजवा ग्लोव्ह तळव्यावर उसवला, इंडिकेटर तुटला, क्रॅश गार्डला नवी खरवड. वॉचमन धावत आला, बाबा चालत आले. आधी गाडीची चावी बंद केली, मग मला विचारलं.

बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळ्यावर दिवाणजी होते, सगळं त्यांना पोत्यांत समजतं. परत येताना म्हणाले, "हे बघ, टायरची पकड म्हणजे पन्नास किलोचं पोतं. कांदा भर नाहीतर बटाटा भर. दोन्ही पन्नास-पन्नास भरायला गेलीस की शिवण उसवणार."

याहून चांगलं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. ब्रेक लावायचा असेल तर गाडी उभी असताना लावायचा, पूर्ण सोडायचा, मग कट. किंवा आधी कट, गाडी पुन्हा उभी झाली की मग ब्रेक. दोन्ही एकदम नाही. माझ्या गाडीला एबीएसही नाही, २०१४ ची आहे. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. पण साधं एबीएससुद्धा सरळ जाताना चाक लॉक होऊ देत नाही इतकंच. कललेल्या टायरचं पोतं ते मोठं करत नाही.

आई पंधरा मिनिटं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, १४ डिसेंबर

गुडघा काळानिळा आहे, उद्या सुट्टी. बसल्या बसल्या गणित केलं. कोरडा रस्ता, बरे टायर, दीड मीटर बाजूला जायचंय असं धरून. आकडे अंदाजी, पण त्यातला कल खरा आहे.

ताशी ४० ला ब्रेक मारून थांबायला साधारण १० मीटर लागतात, चुकवायला साधारण १२. ६० ला ब्रेक २३ आणि चुकवणं १८. ८० ला ब्रेक ४१, चुकवणं २४. दचकून भानावर येण्यातला पहिला सेकंद यात धरलेला नाही. तो दोन्हीकडे सारखाच, आणि ४० च्या वेगात तोच ११ मीटर खातो.

वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, चुकवायचं मात्र दुप्पटच. म्हणून शहरातल्या चाळीसला बहुतेक वेळा ब्रेकच बरा. कट कामाचा मोठ्या रस्त्यावर, किंवा समोरची वस्तू अरुंद असेल तर. आणि कट मारल्यावरही वेग तेवढाच उरतो, पलीकडे जे असेल त्याच्यावर आपण त्याच वेगाने जातो, हे गणितात दिसत नाही.

म्हणजे त्या क्रेटच्या दिवशी नीट मारलेला पुढचा ब्रेकसुद्धा पुरला असता. हे कळून जरा वाईट वाटलं. महिनाभर मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर पाठ करत होते की काय?

रविवार, २२ डिसेंबर

नाही. आज परत गेले.

फक्कीला रजा दिली. बाबा रस्त्याच्या शेवटाला उभे राहिले आणि शेवटच्या क्षणी एक हात वर करायचा: डावा वर केला तर डावीकडे, उजवा तर उजवीकडे, दोन्ही तर ब्रेक. वेग चाळीस, त्यापुढे जायचं नाही असं ठरलेलंच आहे. ठरलेल्या बाजूला कट मारणं म्हणजे पाढा म्हणणं. हे म्हणजे मध्येच उभं करून "सतरा साते?" विचारणं. पहिल्या दहांत चार वेळा चुकीच्या बाजूला गेले. एकदा दोन्ही हात वर असताना मीही दोन्ही हँडलं ढकलली.

एक कोडं आज सुटलं. डावीकडचा कट छान येतो, उजवीकडचा दर वेळी झटका देऊन येतो. उजव्याच हातात अॅक्सिलरेटर आहे. ढकलताना मनगट वळतं आणि गाडी एकदम ओढते किंवा एकदम रडते. उपाय असा सापडला की मूठ वळवून नाही, तळहाताच्या टाचेने ढकलायचं, मनगट खाली ठेवून, आणि ग्रिपला बोटांनी नुसतं लावून धरायचं. पाच-सहा फेऱ्यांनी फरक पडला. हे कुठेच वाचलं नव्हतं, म्हणून जरा फुशारकी.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

ऑफिसच्या रस्त्यावरची नोंद.

घणसोलीच्या पुढे, रबाळ्याकडे जाताना, पुढची रिक्षा एकाएकी डावीकडे सरली आणि तिच्यामागून खड्डा निघाला, परातीएवढा. पन्नासला होते. उजवीकडे जायचं मनात आलं आणि त्याच वेळी हेही ठाऊक होतं की उजव्या आरशात एक स्कूटर आहे, जवळ. आरसा तेव्हा पाहिला नाही, आधीच पाहिलेला होता. सरळ राहून दोन्ही ब्रेक, पुढचा जास्त, मग सोडला, आणि डावीकडे जेमतेम एक हात सरकले. खड्ड्याची कड मागच्या चाकाला लागली.

यात कटाचा भाग नखाएवढा. बाकी सगळा भाग कुठली बाजू रिकामी आहे हे आधी माहीत असण्याचा. इथे शेजारी नेहमीच कुणीतरी असतं, ब्रिटनच्या टेस्टमधल्यासारखी मोकळी पट्टी नसते. म्हणून आता चालवताना मनात सारखं चालू असतं: डावीकडे बस, उजवीकडे मोकळं. आता उजवीकडे स्कूटर, डावीकडे मोकळं. आता दोन्हीकडे कुणीतरी, म्हणून अंतर वाढव.

दुसरं, डब्याची पिशवी. रोज हँडलला अडकवते. आज ब्रेक मारल्यावर ती पुढे झुलली आणि परत येताना हँडलला ओढ बसली. आमटी, पोळ्या, दही मिळून दोन किलो तरी असेल. उद्यापासून पाठीवरच्या सॅकमध्ये. दह्याचं काय होईल ते होवो.

रविवार, १२ जानेवारी

संक्रांत परवावर आली. उलव्याच्या प्लॉटवर पोरं पतंग उडवत होती, म्हणून आधी पूर्ण रस्त्यावरून चालत जाऊन मांजा बघितला. दोन ठिकाणी सापडला, गुंडाळून खिशात टाकला. गळ्यावर वीतभर मफलर होताच.

उरलेली फक्की संपवायची होती. पातळ, चाळणीने. माझ्या चार फेऱ्या झाल्या, त्यातल्या तीन चांगल्या. मग बाबा म्हणाले, "दे इकडे."

दोन वर्षांनी गाडीवर बसले. हेल्मेटचा पट्टा लावला, गुडघे टाकीला लावले (हे मी सांगितलेलं नाही), आणि एक फेरी नुसती मारून आले. मी शेवटाला उभी. ते आले, तीसने, मी डावा हात वर केला आणि ते सहज, जणू काही झालंच नाही असे, डावीकडून निघून गेले. खांदे हललेसुद्धा नाहीत. मला दोन महिन्यांत जमलं नाही तसं.

परत येऊन गाडी स्टँडवर लावली. "बघितलंस? हात लावला का हँडलला?"

मी त्यांना हाताला धरून पट्ट्यापर्यंत नेलं. त्यांचा माग अजून ताजा होता. एक रेघ, मग फाटलेली, बारीक रेघ उजवीकडे, आणि मग वळून डावीकडे.

बाबा वाकले. चष्मा वर केला. रेघेवर आपली बोटं आडवी ठेवली, एक, दोन, आणि तिसरं अर्धं.

"ही तुझी असेल," ते म्हणाले. "पुन्हा टाक फक्की."